मशीन हलवताना लावणे

"मॅडम, मशीनचे बोल्ट आहेत ना?"

सर्व्हेला आलेल्या मुलानं हे इतक्या सहज विचारलं की मीही तितक्याच सहज "आहेत की" म्हणून मोकळी झाले. कुठले बोल्ट, कसले बोल्ट, काही कल्पना नव्हती. पण घर बघायला आलेल्या परक्या माणसापुढे आपल्याकडे अमुक नाही असं कबूल करायला जीभ रेटत नाही. तो मोबाइलवर टिपत पुढे सरकला. "सोफा थ्री प्लस वन प्लस वन. दिवाण एक. डबल बेड विथ स्टोरेज. फ्रिज डबल डोअर. वॉशिंग मशीन फ्रंट लोड. देवघर जाणार का?" यावर आतून सासूबाईंचा आवाज आला, "देवघर जाईल. देव नाही जायचे ट्रकमधून." त्यानं मान वर न करता टिपलं, "देवघर, विदाउट देव."

बारा मिनिटांत आमचा एकोणीस वर्षांचा संसार त्याच्या मोबाइलात मावला. सव्वीस नग आणि अंदाजे पंचेचाळीस कार्टन. "सतरा फुटी गाडीत आरामात बसेल," तो म्हणाला. त्या 'आरामात'चा मला उगीचच राग आला.

बदलीची ऑर्डर मेच्या दुसऱ्या आठवड्यात आली. बँकेत प्रमोशन घ्यायचं तर राज्याबाहेर जायची तयारी ठेवायची, हे नोकरीला लागल्यापासून ठाऊक आहे. त्याच धास्तीनं दोनदा मी इंटरव्ह्यूला बसलेच नव्हते. या खेपेला बसले आणि कोलकाता मिळालं. घरात माणसं चार. मी, सातवीत गेलेला मुलगा, चौऱ्याहत्तर वर्षांच्या सासूबाई, आणि नवरा. तो घरूनच सॉफ्टवेअरचं काम करतो, त्यामुळे "मला काय, लॅपटॉप उघडला की ऑफिस" असं येईल-जाईल त्याला सांगतो. पण त्याच्या आयुष्यातलं आजवरचं सर्वांत मोठं स्थलांतर म्हणजे १९९२ साली सदाशिव पेठेतल्या वाड्यातून कोथरूडला. अंतर चारेक किलोमीटर, वाहन टेम्पो, खेपा तीन. तिसऱ्या खेपेला तो सायकल आडवी धरून टेम्पोच्या हौद्यात बसला होता, हे अजून रंगवून सांगतो. पुणे ते कोलकाता सुमारे दोन हजार किलोमीटर. खेप एकच.

सामानाचा खर्च बँक देते. त्यासाठी तीन कोटेशन लागतात, पक्कं बिल लागतं, बिल्टी लागते, आणि ट्रान्सपोर्टर आयबीएच्या, म्हणजे इंडियन बँक्स असोसिएशनच्या यादीतला लागतो. 'आयबीए अप्रूव्हड' हे शब्द तर जो तो कार्डावर छापून मोकळा होतो. मी स्वतः इतरांची अशी बिलं वर्षानुवर्षं पास केलेली. म्हणजे कुठे पाणी मुरतं हे मला चांगलं ठाऊक. तरी फसायची ती फसलेच. एका मोठ्या नावाशी मिळतंजुळतं नाव असलेल्या एकानं फोनवर गोड बोलून पाच हजारांचा टोकन घेतला, त्या दिवसापासून त्याचा फोन 'सेवेत नाही'. कर्ज देताना लोकांचे पत्ते तीन-तीनदा तपासणारी मी, त्याचं गोडाऊन कुठे आहे एवढंही विचारलं नव्हतं. नवरा काही बोलला नाही. नुसता हसला असता तरी बरं झालं असतं.

मग उरलेले तीन आकडे आले : ४६ हजार, ७१ हजार आणि ९८ हजार. एकाच घराचे, एकाच सामानाचे. ४६ हजारवाल्याला मी खोदून विचारलं तेव्हा कळलं की ते पार्ट लोड आहे. आपलं सामान एकट्याचं जात नाही. इथून नागपूरच्या गोडाऊनपर्यंत एका गाडीत, तिथे उतरवून दुसऱ्या गाडीत, आणि कोलकात्याच्या वेशीवर पुन्हा छोट्या हत्तीत, कारण तिथे मोठ्या ट्रकना दिवसा शहरात येऊ देत नाहीत. म्हणजे सामान दोनदा हलायच्या ऐवजी सहा वेळा हलणार. काच, आरसा, फ्रिज हे रस्त्यात फारसं फुटत नाही. फुटतं ते चढवताना आणि उतरवताना. म्हणून कोणी विचारलं तर मी आता एकच सांगते : भाव नंतर विचारा, आधी 'गाडी कुठे बदलते' ते विचारा.

७१ हजारवाल्याच्या कोटेशनात खाली बारीक अक्षरांत 'ऑक्ट्रॉय/एन्ट्री टॅक्स : ॲक्च्युअल' अशी एक ओळ होती. ती वाचून मला एकदम बरं वाटलं. आपलं काही येणारं निघालं म्हणून. पुणे महापालिकेची जकात १ एप्रिल २०१३ ला गेली. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि एन्ट्री टॅक्स वगैरे प्रकार त्यात जिरले. वापरलेल्या घरगुती सामानाला तर ई-वे बिलसुद्धा लागत नाही, नियमातच तशी सूट आहे. मी त्याला फोन करून हे सगळं सुनावलं. तो शांतपणे म्हणाला, "मॅडम, तो फॉर्मॅट जुना आहे." बारा वर्षं मेलेली जकात फॉर्मॅटमध्ये जिवंत आहे, कोणी तरी भरतही असेल.

दुसरी बारीक अक्षरं एफओव्हीची, म्हणजे 'फ्रेट ऑन व्हॅल्यू'ची. सामानाची जी किंमत आपण लिहून देऊ तिच्यावर तीन टक्के. बोलताना सगळे त्याला 'इन्शुरन्स' म्हणतात, पण विमा कंपनीची पॉलिसी हातात पडत नाही. ती ट्रान्सपोर्टरनं स्वतःच घेतलेली जोखीम असते. मी खरी ट्रान्झिट पॉलिसी मागितली तेव्हा समोरचा जरा गप्प झाला, मग "देतो" म्हणाला. सामान हरवलं-मोडलं तर बुकिंगपासून १८० दिवसांत लेखी नोटीस द्यावी लागते, नाही तर पुढे दावा चालत नाही, हे कॅरेज बाय रोड ॲक्टमध्ये आहे. मी ते कॅलेंडरवर लिहून ठेवलं. नवरा म्हणाला, "ट्रक निघालाही नाही, आणि तू नोटिशीची तारीख काढलीस." बँकेत बावीस वर्षं काढली की माणसाचं असंच होतं.

पॉलिसीसाठी किंमतींची यादी करायची होती. टीव्ही, फ्रिज, मशीन, कपाट हे सोपं. मग मी सासूबाईंना विचारलं, "आई, घंगाळ्याची किंमत काय लिहू?"

"मोडीच्या भावानं लिही. पितळ आहे."

"वजन किती असेल?"

"ते तुला उचलल्यावर कळेल. पण पहिलं तेच बांधा."

हे घंगाळ त्यांच्या माहेरचं. माहेर नारायण पेठेत, नदीपासून हाकेच्या अंतरावर. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा त्या दहा वर्षांच्या होत्या. घरातली माणसं वर चतुःशृंगीच्या बाजूला निघाली, सामान जिथल्या तिथे राहिलं. त्या सांगतात ती गोष्ट मी शंभरदा ऐकली असेल, पण बदलीची ऑर्डर आल्यावर त्यात एक नवं वाक्य आलं. म्हणाल्या, "आमचं सामान जन्मात एकदाच हललं, आणि ते आम्हाला न विचारता हललं." पाणी ओसरल्यावर चौथ्या दिवशी मागच्या गल्लीतल्या एका वाड्याच्या चिखलातून हे घंगाळ निघालं. ते आपलंच हे कशावरून कळलं? त्यावर नाव घातलेलं होतं. भांडीवाल्यानं छिन्नीचे बारीक ठोके देऊन कोरलेलं आजोबांचं नाव, गाव, सन. पुढे गोखलेनगरला पूरग्रस्तांच्या वसाहतीत जागा मिळाली तेव्हा सोबत न्यायला एवढंच सामान होतं. एक घंगाळ आणि सात माणसं.

आता कोणी भांड्यांवर नाव घालत नाही. स्टीलच्या डब्यांवर मशिननं घालून मिळायचं, तेही थांबलं. मी मात्र पंचेचाळीस कार्टनवर मार्करनं नाव, नंबर आणि खोली लिहायचं ठरवलं, आणि एका वहीत कुठल्या नंबरात काय आहे ते. शेवटच्या रकान्यात दोन सह्या. चढवताना एक, उतरवताना एक. स्ट्राँगरूमला दोन किल्ल्या असतात, दोन माणसांशिवाय दार उघडत नाही, तीच सवय. वही पाहून सासूबाई म्हणाल्या, "म्हणजे नाव घालणंच की हे."

काय न्यायचं हा प्रश्न मला वाटला होता त्यापेक्षा सोपा निघाला. काय टाकायचं हाही. अडलं ते तिसऱ्या ढिगापाशी : काय मागे ठेवायचं.

टाकायचं ते टाकलं. वीस वर्षांचे दिवाळी अंक रद्दीवाल्यानं ताणकाट्याला लटकवून नेले. मी आधी एका वाचनालयाला विचारलं होतं. तिथल्या बाईंनी "जागा नाही हो" असं इतक्या हताश आवाजात सांगितलं की मीच त्यांची समजूत काढली. शोभेचं काय काय, बंद पडलेली घड्याळं, तीन मिक्सरची भांडी (मिक्सर नव्हते) हे नवऱ्यानं रविवारी जुन्या बाजारात नेलं आणि येताना एक पितळी कुलूप विकत घेऊन आला. कुंड्या शेजारी वाटल्या. आठवडाभर बंद कंटेनरमध्ये झाड तगत नाही, आणि कढीपत्त्याला दोन हजार किलोमीटर दूर नेऊन त्याचं काय भलं होणार होतं?

गॅसचं पुस्तक काढलं तर ते अण्णांच्या नावावर. अण्णा म्हणजे माझे सासरे. चार वर्षांपूर्वी गेले. परगावी जाताना सिलिंडर आणि रेग्युलेटर एजन्सीत परत करायचा, कागद घ्यायचा आणि नव्या गावी तो दाखवून कनेक्शन घ्यायचं, एवढंच काम. पण त्याआधी नावबदल, त्याआधी मृत्यूचा दाखला, त्याआधी ते मूळ व्हाउचर शोधणं. ते सापडलं, पत्र्याच्या फायलीत, टाचणी लावून. डिपॉझिट परत मिळतं ते तेव्हा भरलेल्या रकमेनं. त्या रकमेत आज कसाबसा एक सिलिंडर भरून येईल. काउंटरवरच्या मुलीला मी म्हटलं, "व्याज?" ती हसली. माझा विनोद कळला की नाही कोण जाणे.

मुलाच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर शिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी लागते, राज्याबाहेर जाताना. त्याला दोन फेऱ्या झाल्या. मतदार यादीचा फॉर्म ८ तिथे पोचल्यावर. स्कूटर रेल्वेनं जाईल, पुणे स्टेशनच्या पार्सल ऑफिसातून. टाकी कोरडी करून, गोणपाटात बांधून, पुठ्ठ्यावर 'हावडा' लिहून. बारा महिन्यांपेक्षा जास्त तिथे राहिली तर तिथला नंबर घ्यावा लागेल आणि त्यासाठी इथल्या आरटीओची एनओसी. म्हणून मी आधीच पाहिलं तर तिच्यावर तीन चलनं निघाली. तिन्ही हेल्मेटची, तिन्ही नवऱ्याची, तिन्ही एकाच सिग्नलची. पुणेकराला राज्य सोडताना हेल्मेटचा हिशेब चुकता करावा लागतो, हे मला न्यायाचं वाटलं.

पण मागे ठेवायचा ढीग काही केल्या आवरेना. नवऱ्यानं जाहीर केलं, की फ्लॅट भाड्यानं द्यायचा नाही. मी आकडेमोड करून दाखवली. मेंटेनन्स, प्रॉपर्टी टॅक्स, येणारं भाडं, बुडणारं भाडं. तो म्हणाला, "बरोबर आहे." आणि ते पितळी कुलूप दाराला लावून बघू लागला. मग त्याच्या वस्तू हळूहळू या ढिगात सरकायला लागल्या. ट्रेकिंगची सॅक. कॅरम. "कॅरम तिकडे कुठे ठेवणार?" पुण्यात तरी तो गेली सहा वर्षं कपाटामागेच आहे. चिरंजिवांचं उलट. त्याला काहीच मागे ठेवायचं नव्हतं, विशेषतः किल्ल्याचे मावळे. दिवाळीच्या किल्ल्यासाठी दर वर्षी कुंभारवाड्यातून दोन-चार आणून जमवलेले मातीचे एकशे अकरा नग. तोफा वेगळ्या. त्यातल्या कित्येकांचे भाले मोडलेत, सिंहासनाची एक बाजू एम-सीलनं जोडलीय. तो एकेकाला वर्तमानपत्रात गुंडाळत होता आणि मी कार्टन नंबर ३१ समोर 'मावळे, नाजूक' असं लिहीत होते.

तेवढ्यात खालच्या मजल्यावरच्या बंगाली बौदी, म्हणजे वहिनी, आल्या. त्यांना पुण्यात येऊन बावीस वर्षं झाली; आमच्यापेक्षा त्यांचं वरण चांगलं होतं. मावळ्यांचं खोकं पाहून त्या आधी हसल्या आणि मग म्हणाल्या, "वाटेत कोणाला दाखवू नका. तिकडे मुलांना झोपवताना आम्ही अजून तुमचीच भीती घालतो."

हे मला अर्धवट माहीत होतं, त्यांनी पुरं केलं. १७४२ पासून नऊ-दहा वर्षं नागपूरकर रघूजी भोसल्यांच्या फौजा बंगालवर चालून जात होत्या. पहिल्या खेपेला भास्करराम कोल्हटकर; १७४४ मध्ये नवाब अलिवर्दीखानानं त्यांना भेटीला बोलावून मारलं. त्या घोडेस्वारांना बंगालीत 'बर्गी' म्हणतात आणि ते अंगाईगीतात जाऊन बसलेत : बाळ झोपलं, आणि बर्गी देशात आले. त्यांच्याच भीतीनं कोलकात्याच्या लोकांनी १७४२ मध्ये शहराभोवती खंदक खणायला घेतला. सात मैलांचा बेत, तीनेक मैल खणून झाला आणि थांबला, कारण मराठे कोलकात्यापर्यंत आलेच नाहीत. पुढे तो बुजवला आणि त्याच्या बऱ्याच भागावर सर्क्युलर रोड झाला. बागबाजारात मराठा डिच लेन नावाची गल्ली अजून आहे.

'बर्गी' म्हणजे आपला बारगीर. शिलेदार तो, ज्याचा घोडा स्वतःचा. बारगीर तो, ज्याला घोडा आणि हत्यार सरकारातून मिळतं. मी मनात म्हटलं, प्रवासभत्ता बँकेचा, ट्रकचं भाडं बँकेचं, राहायला क्वार्टर बँकेचं. म्हणजे मी शब्दशः बारगीर. नवरा स्वतःच्या लॅपटॉपवर येणार, तो शिलेदार. आणि सामानही नागपूरवरूनच बंगालवर चालून जाणार. अंगाईची गंमत वगळता तिकडच्या खेड्यापाड्यांनी त्या वर्षांत जे भोगलं ते गमतीचं नव्हतं, बौदींनी तेही सांगितलं. आपल्याकडे शाळेत हे एका ओळीत संपतं. त्यांच्याकडे ते झोपताना रोज येतं.

जाताना त्यांनी मला तीन कामाच्या गोष्टी सांगितल्या. मच्छरदाणी इथूनच न्या, तुमच्या मापाची. लाकडी कपाट भिंतीला टेकवू नका, ओल धरते. आणि महाराष्ट्र निवास हाजरा रोडला आहे, पण पहिले सहा महिने तिकडे जाऊ नका. "का?" "मग बांगला कधी शिकणार?" त्या स्वतः पुण्यात आल्या तेव्हा वर्षभर काँग्रेस भवनच्या दुर्गापूजेला गेल्या नव्हत्या म्हणे. मला हे पटलं नाही, पण लक्षात राहिलं.

माझ्यापुरतं मी समजत होते की मी कशातच अडकलेली नाही. साड्या निम्म्या केल्या, भांडी निम्मी केली, लग्नातला डिनर सेट ननंदेला दिला, डोळ्यांत पाणी नाही की काही नाही. मग एक तारखेला पेपरवाला बिलाला आला.

"काका, पंधरा तारखेपासून पेपर नको."

"बंद करू की खाडा लावू?"

मी म्हणाले, "खाडा लावा."

"किती दिवस?"

आमच्याकडे बाहेरच्या राज्यातली मुदत साधारण तीन वर्षांची असते. माझ्या तोंडून निघून गेलं, "तीन वर्षं."

काकांनी माझ्याकडे पाहिलं, वहीत काही तरी खरडलं आणि सुट्टे पैसे परत दिले. दूधवाल्यालाही मी 'बंद' म्हटलं नाही, हे मला रात्री आठवलं. सोसायटीच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंना तर मी सहा महिन्यांनंतरची वेळ घेऊन ठेवली होती, दाताच्या साफसफाईची. नवऱ्याच्या कॅरमला हसणारी मीच.

ट्रक सोमवारी यायचा होता. मंगळवार आईंना नको, शनिवार नको, अमावस्या तर नकोच, आणि महिनाअखेरीला मूव्हर्स भाव चढवतात म्हणून मला नको. यातून जो वार उरला तो सोमवार. शुक्रवारी मूव्हर्सचा फोन. "मॅडम, मशीनचे बोल्ट लावून ठेवा बरं का, आमची मुलं लावत नाहीत."

मग मी सरळ एका मेकॅनिकला विचारलं. त्यानं सांगितलं ते असं : फ्रंट लोड मशीनचा ड्रम आत स्प्रिंगांवर लटकलेला असतो. कारखान्यातून निघताना तो हलू नये म्हणून मागून चार लांब बोल्ट घालून आवळलेला असतो. घरी आल्यावर बसवणारा माणूस ते काढतो, भोकांना प्लास्टिकची टोपणं लावतो आणि बोल्ट तुमच्या हातात देतो. पुन्हा हलवायचं झालं तर ते लावायलाच हवेत. नाही तर खड्ड्यात गाडी आदळली की ड्रम आत हिंदकळतो, आणि कोलकात्यापर्यंत हिंदकळत गेला तर मशीन भंगारात. "लोक टाकून देतात मॅडम," तो म्हणाला. "दहा घरांत विचारा, एकाकडेही नसतात."

मशीन २०१४ चं. मी स्वयंपाकघराचे ड्रॉवर उपसले, हत्यारांची पेटी पाहिली, बांधलेली तीन कार्टन फोडली, वहीतल्या नोंदींवर काट मारली. नवरा माळ्यावर चढला. आमच्या माळ्यावर अण्णांनी प्रत्येक वस्तूचं मूळ खोकं ठेवलेलं आहे. टीव्हीचं, मिक्सरचं, इस्त्रीचं, थर्माकोलसकट. या खोक्यांवरून मी त्यांना किती बोलले असेन. आता टीव्ही त्याच्याच खोक्यात चपखल बसला होता, आणि मूव्हर्सच्या माणसानं "ओरिजिनल बॉक्स? वा!" म्हणून कौतुक केलं होतं, ते ऐकायला अण्णा नव्हते. मिक्सरच्या खोक्याच्या मागे इस्त्रीचं, त्यात एक श्रीखंडाचा रिकामा अर्धा किलोचा डबा. नवऱ्यानं तो वरूनच हलवला. आत काही तरी खडखडलं.

चार बोल्ट. रबरी बुशांसकट, तेल लावून, जुन्या बनियनच्या चिंधीत गुंडाळलेले. सोबत पाना. आणि दिनदर्शिकेच्या पानाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर, त्यांच्या त्या सुवाच्य तिरक्या अक्षरात : 'मशीन हलवताना लावणे.' खाली तारीख, आणि सही. स्वतःच्या घरातल्या बोल्टांवर सही.

अण्णा खडकीच्या ॲम्युनिशन फॅक्टरीत नोकरीला होते. तिथे सुटा बोल्ट सापडणं म्हणजे काय हे त्यांच्याकडून ऐकलेलं आहे. पण ती सवय म्हणून सोडून द्यावं असं मला वाटेना. या माणसाला पुणे कधी सोडायचं नव्हतं. काशीला गेले तेही चार दिवसांत परत आले, "पाणी मानवत नाही" म्हणून. मशीन आलं तेव्हा मी कोथरूडच्या शाखेत होते, बदलीचा विषयही नव्हता, माझा मुलगा पाळण्यात होता. आणि हे गृहस्थ 'मशीन हलवताना' असं लिहून मोकळे. 'हलवायचं झाल्यास' नव्हे. हलवताना.

नवरा माळ्याच्या शिडीवर तसाच बसून राहिला. मी चिठ्ठी आईंना दाखवली. त्यांनी चष्मा लावून वाचली, उलटी केली, पुढची बाजूही वाचली. त्यावर एकादशी आणि गॅसवाल्याचा फोन नंबर होता. "तेल कुठलं लावलंय बघ," म्हणाल्या, "शिवणयंत्राचं. माझी बाटली सारखी कशी संपायची ते आता कळलं."

रविवारी मेकॅनिक आला. मशीन पुढे ओढलं, मागची चार टोपणं नखानं उचकटून काढली, बोल्ट घातले आणि अण्णांच्या पान्यानंच आवळले. प्रत्येक बोल्ट गच्च बसताना आतून एक छोटा 'टक' आवाज येत होता. टोपणं त्यानं माझ्या तळहातावर ठेवली, पांढरी, कडेला साबणाचा थर धरलेली.

"तिकडे गेल्यावर बोल्ट काढले की ही लावायची. आणि बोल्ट टाकू नका हां मॅडम. पुन्हा लागतात."

मी टोपणं श्रीखंडाच्या डब्यात टाकली, वर चिठ्ठी ठेवली, झाकण लावलं. आता हा डबा कुठे जाणार? वही उघडली. सगळी कार्टन बंद झाली होती, नंबर संपले होते. ट्रकमध्ये टाकून चालणार नव्हता. मशीन पोचलं आणि टोपणं नाही, असं नको. माझ्या पर्समध्ये प्रतिस्वाक्षरीचा दाखला, गॅसचा कागद, पॉलिसी, तिकिटं यांनी आधीच चेन लागत नव्हती. आझाद हिंद एक्स्प्रेस संध्याकाळी सुटते, तिसऱ्या दिवशी पहाटे हावडा.

सासूबाई दिवाणावर बसून देवांची पिशवी आवरत होत्या. खंडोबा-म्हाळसा, भवानी, बालाजी, सगळे टाक एका धुतलेल्या पंच्यात, त्यावर अक्षता. ही पिशवी त्या मांडीवर घेऊन जाणार होत्या. सकाळीच नातवानं तिच्या बाहेरच्या कप्प्यात चार्जर घालू का विचारलं, तर त्याला "सोवळ्यात काही घालायचं नाही" म्हणून पिटाळलं होतं.

मी डबा हातात घेऊन उभी. त्यांनी पिशवीचं तोंड जरा मोठं केलं.

"इकडे दे," म्हणाल्या.